लवचिकता काढताना पाया कोणता धरायचा?

मागणीची लवचिकता, म्हणजे खपातला टक्के बदल भागिले किमतीतला टक्के बदल, काढताना नवख्यांचा घोळ होतो तो टक्केवारीच्या पायात. समजा, कांदा 20 रुपये किलो असताना दिवसाला 100 किलो खपतो आणि 30 रुपये झाल्यावर 80. जुन्या आकड्यांवरून काढलंत तर उत्तर 0.4; उलट 30 वरून 20 वर आलात तर 0.75. माल तोच, उत्तरं दोन! म्हणून जुन्या-नव्या आकड्यांची सरासरी पाया धरा: 20 भागिले 90, त्याला 10 भागिले 25 ने भागा. साधारण 0.56 येईल (वजा चिन्ह सोडून दिलंय). एकपेक्षा कमी, म्हणूनच खप घटूनही गल्ला 2000 वरून 2400 वर गेला.

आणि हो, चातुर्मासात कांदा वर्ज्य म्हणून खप पडला, तर अख्खा मागणी वक्रच (कोणत्या किमतीला किती खप, हे दाखवणारी रेषा) डावीकडे सरकतो. तिथे हे सूत्र लावू नका.