बाबांविषयी बोलायचंय, पण मनातल्या तक्रारीचं काय करू?

सांगलीकडच्या मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. तुमचे बाबा माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षक होते आणि मुलींच्या खो-खो संघाचे प्रशिक्षकही. पुढच्या महिन्यात त्यांचं वर्षश्राद्ध आहे. त्यानिमित्त माजी विद्यार्थिनी सभा घेतायत, स्मरणिका काढतायत, आणि ‘सर घरी कसे होते’ यावर तुम्ही बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. तुम्ही लिहिलंय, ‘त्या मुली बाबांच्या आठवणीने रडतात तेव्हा मला त्यांचा हेवा वाटतो, आणि मग स्वतःचीच लाज वाटते.’ नववीत असताना बाबांनी तुम्हाला संघातल्या बारा जणींत घेतलं, पण जिल्ह्याच्या एकाही सामन्यात नऊ जणींत उतरवलं नाही. का, ते कधीच सांगितलं नाही. आई म्हणते, आता ते उगाळू नकोस.

आधी त्या लाजेचं बोलू. ज्या माणसाच्या पहाटा आणि संध्याकाळी मैदानावर गेल्या, त्याच्या लेकीला मैदानावरच्या मुलींचा हेवा वाटणारच. त्यात वावगं काही नाही. आणि दुखणंही खरं आहे. खो-खोत पाटीवर बसलेली मुलगीसुद्धा खेळत असते, पाठीमागून ‘खो’ कधी येतो याकडे तिचे कान लागलेले असतात. तुम्ही बसलात त्या मैदानाबाहेर, तेही स्वतःच्या वडिलांच्या निर्णयाने. चौदा-पंधराव्या वर्षी हे सोसणं सोपं नसतं.

लेकीला खेळवलं तर लोक नावं ठेवतील, म्हणून त्यांनी असं केलं असेल का, असं तुम्ही विचारलंय. मला माहीत नाही, आणि मी तसं म्हणून तुमची समजूत घालणार नाही. त्या वर्षीची कर्णधार सभेला येणार आहे ना? तिला विचारा. एखादी बारीकशी गोष्ट तिच्या लक्षात असेल. नसेलही. मग हा प्रश्न तुमच्याजवळ तसाच राहील, आणि तो ठेवूनही बाबांवर माया करता येते.

सचिनचे क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचं उदाहरण मला इथे सांगावंसं वाटतं. शिवाजी पार्कवर त्यांनी पोरं घडवली, 1990 मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवर निरोपाचं भाषण करताना सचिन तेंडुलकरने सगळ्या जगासमोर सांगितलं, की 29 वर्षांत सरांनी मला एकदाही ‘छान खेळलास’ म्हटलं नाही. त्याच भाषणात सर स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, हेही त्याने सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच दमात आल्या आणि सरांचा मान तसूभरही कमी झाला नाही. सर तेव्हा हयात होते, ते 2 जानेवारी 2019 ला गेले. तुमच्या बाबांना हे ऐकवणं आता शक्य नाही. पण आईला ऐकवता येईल. सभेत बोलण्याआधी तिच्यापाशी बोला, ते तिला उगाळणं वाटलं तरीही. नवरा गमावलेल्या बाईला व्यासपीठावरून अचानक हे ऐकावं लागू नये.

आता भाषणाचं. मैदानावरचे सर त्या मुलींनाच सांगू द्या. भल्या पहाटे चुन्याची फक्की मारणारे, ‘खो’ मिळाल्यावर एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही म्हणून उठण्याआधीच विचार करायला शिकवणारे, मुलींना मुक्कामी स्पर्धेला पाठवा म्हणून घरोघरी जाऊन त्यांच्या वडिलांची मनधरणी करणारे, हे सर त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. खेळाडूंसाठीच्या 5 टक्के आरक्षणातून दोघी पोलीस खात्यात लागल्या, असं तुम्हीच लिहिलंय. त्या आरक्षणासाठी कागद चोख लागतात, आणि सरांनी एकेक प्रमाणपत्र कसं जपून ठेवायला लावलं ते त्याच सांगतील.

तुमच्या पत्रात तिसऱ्या पानावर एक अर्धी ओळ आहे. आई दवाखान्यात परिचारिका, तिची रात्रपाळी असली की बाबा सकाळी डबा करायचे आणि तुमच्या दोन वेण्या घालायचे, ‘इतक्या घट्ट की दिवसभर डोकं दुखायचं.’ तुम्ही ते लिहिलंत आणि पुढे निघून गेलात. मी तिथेच थांबले. त्या काळात गावात किती पुरुष हे करत होते? ‘कुटुंबवत्सल’ हा शब्द त्या सभेत दहा जण वापरतील, वेण्यांचं मात्र तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. डब्यात काय असायचं, रिबिनी कुठल्या रंगाच्या, मैदानावर पोचायला उशीर झाला तर ते काय म्हणायचे, हे सगळं सांगा. त्यानंतर हवं तर एक वाक्य बोला: त्या वर्षी त्यांनी मला खेळवलं नाही, आणि ते मला अजून लागतं. त्याचा खुलासा देऊ नका, माफीबिफीची भाषा नको. पाच-सहा मिनिटं पुरेत. रडू आलं तर थांबा, समोरच्यांनाही आलेलं असेल.

स्मरणिकेत ‘आधारस्तंभ’, ‘शिस्तप्रिय’, ‘कर्तव्यदक्ष’ यांची रांग लागू देऊ नका. प्रत्येकीकडून एकच प्रसंग मागा, वर्ष आणि गावाच्या नावासकट. संघाचे जुने फोटो असतीलच. त्यातले चेहरे आईला अजून ओळखू येतात, तेव्हा या रविवारीच तिच्याबरोबर बसा. ती सांगेल तशी मागच्या बाजूला नावं लिहून काढा. मऊ शिशाची पेन्सिल वापरा आणि हात हलका ठेवा. पेनाने लिहिलं तर शाई पुढे उमटते.