खारूताई, टमाटे आणि पिंजरा

प्रश्न : काका नमस्कार, मी भुसावळला राहते. घरामागे थोडी मोकळी जागा आहे, त्यात दोन पपया, एक सीताफळ आणि टमाटे-वांगी लावलीत. खारींनी नुसता वैताग आणलाय, पिकलेला टमाटा अर्धा खाऊन टाकून देतात, पेरलेले शेंगदाणे उकरून नेले आणि आता तर ठिबकची नळीपण कुरतडली. मुलगा मोबाईलवर बघून म्हणतो ही चिपमंक आहे. शेजारचे भाऊ म्हणतात पिंजरा लावा अन् तापीकाठी सोडून या. मारायचं अजिबात नाहीये, सासूबाई रामाची खार म्हणून रोज पोळीचा तुकडा ठेवतात. काय करू?
— एक वाचिका, भुसावळ

उत्तर : ताई, आधी चिरंजीवांना सांगा की चिपमंक आपल्याकडे नाहीच. ती मुख्यतः उत्तर अमेरिकेतली, एक जात सैबेरियाकडची, आणि तिच्या तोंडावरसुद्धा पट्टे असतात. ती जमिनीत बिळं करते म्हणून तिकडचे लोक बिळं बुजवायचे उपाय सांगतात, ते इथे करून उपयोग काय? आपली खार झाडावर नाहीतर पत्र्याच्या फटीत कापूस-चिंध्यांचं घरटं करते. पाच पट्ट्यांची असते बरं का, कडेचे दोन फिके म्हणून आपण तीनच मोजतो आणि रामाच्या बोटांवर घालतो.

दुसरं, चोर खारच आहे ना हे बघा. खार दिवसाची, अंधार पडला की ती घरट्यात. संध्याकाळी धड असलेला टमाटा सकाळी उजाडताच कुरतडलेला दिसला तर तो उंदीर किंवा घूस, आणि आपण उगाच खारीला शिव्या देतो.

पिंजरा नकोच. एका वेळी दोन ते चार पिल्लं असतात, आई तापीकाठी गेली की ती घरट्यात उपाशी मरणार, आणि आपल्याकडच्या उन्हात, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्यावर ठेवलेल्या पिंजऱ्यात खार दुपारपर्यंत टिकत नाही. शिवाय जागा रिकामी झाली की दुसरी येतेच. औषध टाकायचा तर विचारच नको, विष खाल्लेली खार मांजर खाणार, घुबड खाणार.

ठिबकच्या नळीचं कोडं मात्र सोपं आहे, खारीला पाणी पाहिजे. माझ्याकडे दोन उन्हाळे असंच चाललं होतं, जोड लावून लावून कंटाळलो, मग वाफ्यापासून लांब कडुनिंबाखाली मातीचं पसरट भांडं ठेवलं, रोज सकाळी भरायचं आणि आठवड्यातून दोनदा घासायचं, तेव्हापासून नळी बरीच वाचली. एकदम थांबत नाही, खारीचे दात सारखे वाढतात म्हणून काहीतरी कुरतडणारच, पण जमलं तर नळी मातीत दोन बोटं दाबून टाका.

शेंगदाणे पेरले की वर अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची) जाळी आडवी टाकायची, कडा दगडाने दाबायच्या आणि रोपं चार बोटं झाली की काढायची. टमाट्यालाही हीच जाळी, चौकट करून, खालून सहा इंच मातीत गाडून. नायलॉनची ढिली जाळी लावू नका, त्यात खार, पक्षी, धामणसुद्धा अडकते आणि सोडवताना आपलीच बोटं फाटतात. आणि टमाटा लाल व्हायची वाट कशाला बघता? रंग फिरला की तोडा, घरात पिकतो.

पपईवर पिवळी रेघ आली की उतरवायची आणि कागदात गुंडाळून ठेवायची, सीताफळाचे डोळे उघडले की काढून गव्हाच्या कोठीत, आपल्या आज्या हेच करायच्या. पपईच्या खोडाला चार-पाच फुटांवर दीड-दोन फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा सैलसर गुंडाळा, पण बाजूची भिंत किंवा फांदी जवळ असेल तर पत्रा शोभेचाच, खार उडी मारून येते. म्हणून आधी फांद्या छाटा, आणि छाटताना घरटं आहे का बघा.

मिरचीपूड फवारायला बरेच जण सांगतात. पाणी दिलं की धुऊन जाते आणि आपल्याच डोळ्यात जाते, मी सोडून दिलंय.

राहता राहिला पोळीचा तुकडा. वाफ्याशेजारी रोज ताट मांडलं तर पाहुणी जाणार कुठे? तुकडा कडुनिंबाखालच्या पाण्याजवळ ठेवा म्हणावं. सासूबाईंना हे तुम्हीच सांगा, माझं नाव नको.