मोक्का, मटका आणि कोरा चेक

संघटित गुन्हेगारीबद्दलची पत्रं थांबत नाहीत आणि निम्म्या पत्रांत चौकात ऐकलेला कायदा असतो. म्हणून पुन्हा एकदा.

प्रश्न : भावकीत मारामारी झाली. पुतण्याला मोक्का लावणार असं गल्लीत बोलतात. (राजारामपुरी)

उत्तर : एका मारामारीवर मोक्का लागत नसतो. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या या राज्याच्या कायद्याला टोळी लागते, तिच्यावर मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त दोषारोपपत्रं लागतात, आणि गुन्हा नोंदवण्याआधी उपमहानिरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची मंजुरी. भारतीय न्याय संहितेच्या १११ कलमातही दोषारोपपत्रांची अट आहे. फिर्यादीची प्रत घेऊन फौजदारी वकिलाकडे जा.

प्रश्न : मटका ॲपवर खेळला तर कायदेशीर ना?

उत्तर : नाही.

प्रश्न : बंदी उठवली की टोळ्या आपोआप संपतात, असं व्याख्यानात ऐकलं.

उत्तर : अर्धंच ऐकलंत. अमेरिकेतली दारूबंदी १९३३ ला उठली, टोळ्या जुगार आणि कामगार संघटनांत शिरल्या. आपल्याकडे सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये गेला, पुढं आयातही खुली झाली आणि सोन्याच्या तस्करीतला नफा आटला. मुंबईत खंडणी मात्र चालूच राहिली. टोळी मोडते ती हिशेबाच्या वह्यांतून. शिकागोचा टोळीप्रमुख अल कपोन याला १९३१ मध्ये शिक्षा झाली ती आयकर बुडवला म्हणून.

प्रश्न : दवाखान्यासाठी महिना शेकडा दहानं पैसे घेतले. मुद्दल फिटलं, तरी सावकार कोरा चेक आणि जमिनीचा दस्त देत नाही, दारात पोरं बसवतो. मध्यस्थ म्हणतो, सही केलीय, आता गप्प बसा. दोन वर्षं झाली. (करवीर)

उत्तर : दोन वर्षं! ही मध्यस्थ मंडळी दोन्हीकडून खातात. दारात बसणारी पोरं म्हणजेच टोळी. तिला पगार तुमच्या व्याजातून जातो. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले होते. तुम्ही काही जाळू नका, उलट चिठोरंसुद्धा जपा : फोनवरून पाठवलेले हप्ते, धमकीचे मेसेज, दस्ताची नक्कल. विनापरवाना सावकारीला २०१४ च्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे. लेखी तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे द्या, पोच घ्या. व्याजापोटी लिहून घेतलेली जमीन परत देण्याचा आदेश ते चौकशीनंतर काढू शकतात, पण त्याला ठरावीक वर्षांची मर्यादा आहे. धमकीची फिर्याद पोलिसांत वेगळी. आणि चेक! सही केलेला कोरा चेकसुद्धा अंगावर येतो, सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तसं स्पष्ट केलंय. देणं नव्हतं हे तुम्हालाच दाखवावं लागतं. चेक न वटल्याची नोटीस आली तर हातात पंधरा दिवस असतात, ती देव्हाऱ्यामागं खोचू नका. वकील परवडत नसेल तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारा. याच आठवड्यात.

प्रश्न : शेजारी पारध्यांची पालं पडलीत. संघटित गुन्हेगारीचा अर्ज कुठं करायचा?

उत्तर : कुठंच नाही. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. अशा जमातींना रोज सरकारी हजेरी द्यावी लागे, शाहू महाराजांनी तर कोल्हापूर संस्थानातली ती हजेरी १९१८ लाच बंद केली होती. कोल्हापुरातून हा प्रश्न यावा!

प्रश्न : पोलीस म्हणवणाऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' केली, पैसे भरले. आता काय?

उत्तर : अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले त्याच तासाला १९३० या सायबर मदत क्रमांकाला फोन करायचा असतो, मला पत्र नाही. अजून केला नसेल तर आत्ता करा, मग बँकेत आणि सायबर पोलिसांकडे जा.