अकरा सेकंदांचं शटर

प्रिय,

तुझी मेल वाचली, शोरील, म्हणजे तुझ्या कामाच्या निवडक तुकड्यांची फिल्म, तीही पाहिली. आधी ते 'रिस्पेक्टेड मॅडम' काढून टाक. ताई म्हण.

रील २ मिनिटं ४० सेकंदांची आहे. पहिल्यांदा लावली तेव्हा मी ३५व्या सेकंदाला बंद केली. ड्रोन, वरखाली काळ्या पट्ट्या, पावसात सावकाश वळून बघणारी मुलगी, तिच्यामागे दिव्यांचे धूसर गोळे. वाईट काही नाही, पण असल्या रीलनी लंडनच्या सोहोतल्या प्रत्येक प्रॉडक्शन कंपनीची मेल भरलेली असते. रात्री भांडी घासून झाल्यावर राहवलं नाही म्हणून पुन्हा लावली आणि पुढे सरकवली. १ मिनिट १० सेकंदांवर ती बाई भेटली. वेम्बलीतल्या ईलिंग रोडवर साडीचं दुकान बंद करतेय. शटर अर्ध्यावर अडकतं. ती हातातली पिशवी खाली ठेवते, रस्त्यावर कुणी बघतंय का ते पाहते आणि शटरला लटकतेच. कॅमेरा जागचा हलत नाही. ११ सेकंद, मी मोजले.

तू विचारतेस, 'सिनेमॅटिक' जाहिराती आणि म्युझिक व्हिडिओ करणाऱ्या इथल्या कंपनीत शिरायचं तर कोणता कॅमेरा शिकू? कॅमेरा कुणीही भाड्याने आणतं ग. ३० सेकंद कशावर खर्च करायचे, ते ज्याला कळतं त्याला काम मिळतं.

पुढे हॉलिवूडचे मोठे दिग्दर्शक झालेल्या रिडली आणि टोनी स्कॉट या भावांनी १९६८ मध्ये लंडनला आपली कंपनी काढली. आज तिला आरएसए म्हणतात. रिडलीने १९७३ मध्ये होव्हिस पावाची जाहिरात केली, ती शोधून बघ. बेकरीचा पोऱ्या पावांनी भरलेली सायकल ढकलत दगडी चढ चढतो, पाव पोचवतो आणि उतारावरून सुसाट खाली येतो. बस, एवढंच. पावाचं गुणगान येतं ते अगदी शेवटी. जाहिरातीचा बराचसा वेळ चढण्यातच जातो, म्हणून उतार आला की आपल्यालाच हलकं वाटतं. वर द्वोर्झाक या संगीतकाराच्या सिंफनीची धून ब्रास बँडवर. ब्रास बँड म्हटला की इंग्रज माणसाला उत्तरेकडच्या खाणींची गावं आठवतात, त्यामुळे कितीतरी लोक ती टेकडी उत्तरेतलीच समजतात. प्रत्यक्षात ते गोल्ड हिल, शाफ्ट्सबरी, तिकडे दक्षिणेला डॉर्सेटमध्ये. नुसत्या बँडने अख्खी टेकडी देशाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली! तुझ्या रीलमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच फुकटातलं पियानो संगीत आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

हा रिडली रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेला. बीबीसीत सेट डिझायनर होता, स्टोरीबोर्ड अजून स्वतः काढतो. त्याचा पहिला चित्रपट आला १९७७ मध्ये, चाळिशीला टेकल्यावर. आणि तू चोवीसाव्या वर्षी 'उशीर झालाय' म्हणतेस!

दुसरी जाहिरात गिनेसची, १९९९ची, दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर, कंपनी अकॅडमी. (हो, विक्रमांच्या पुस्तकवालंच गिनेस, मूळ धंदा बिअरचा.) त्यांची अडचण काय, तर ग्लास नीट भरायला ११९.५ सेकंद लागतात आणि तोवर गिऱ्हाईक कंटाळतं. जाहिरात एजन्सीने अडचणीचीच बढाई मारली: थांबतो त्यालाच चांगलं मिळतं. मग ग्लेझरने हवाईत समुद्राकडे डोळे लावून बसलेला सर्फर दाखवला आणि कृष्णधवल लाटांमधून पांढरे घोडे उसळवले. घोड्यांचं सगळे बोलतात. मला भावतो तो सुरुवातीला वाट बघणारा चेहरा, कारण इतक्या महागड्या सेकंदांमध्ये नुसता चेहरा धरून ठेवायला छाती लागते. याच ग्लेझरने १९९६ मध्ये जमिरोक्वाय या ब्रिटिश बँडच्या 'व्हर्च्युअल इन्सॅनिटी' गाण्याचा व्हिडिओ केला होता, ज्यात जमीन सरकल्यासारखी वाटते. जमीन जागेवरच होती. भिंती चाकांवर होत्या आणि कॅमेरा भिंतींबरोबर सरकत होता. म्युझिक व्हिडिओला पैसे कमी असतात, पण असले उद्योग करू देतात. म्हणून नवीन दिग्दर्शक तिथे हात साफ करून जाहिरातींकडे येतात.

आता माझी फजिती ऐक. स्लो मोशनमध्ये गायकाचे ओठ गाण्याशी जुळतात कसे? इथे सेकंदाला साधारण २५ फ्रेम्सचा, म्हणजे २५ चित्रांचा हिशोब. ५० फ्रेम्सवर शूट करायचं तर सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं. गायक बिचारा चिमणीसारख्या आवाजावर ओठ हलवतो, मग चित्र निम्म्या वेगाने लावलं की सगळं जागेवर बसतं. मी प्लेबॅकवर, म्हणजे सेटवर गाणं वाजवायच्या कामावर होते. जेवणानंतर डीओपीने, म्हणजे मुख्य कॅमेरामनने, ७५ फ्रेम्स केले. म्हणजे गाणं तिप्पट वेगाने हवं. वॉकीवर काहीतरी अर्धवट ऐकू आलं, पण फर्स्ट एडी, म्हणजे सेट चालवणारा पहिला सहाय्यक दिग्दर्शक, तापलेला होता, म्हणून मी विचारलं नाही. दुप्पटच वाजवत राहिले. दोन दिवसांनी एडिटरने बोलावून दाखवलं, आख्खं कडवं ओठ एकीकडे आणि गाणं दुसरीकडे. त्या कडव्यावर शेवटी गायकाची पाठ आणि आकाश लावावं लागलं. लोक म्हणाले, किती काव्यमय! तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक शॉटपुढे फ्रेम्सचा आकडा असतो, आणि कानाला खात्री नसली तर मी दोनदा विचारते. ओरडतात, ओरडू देत.

कामाचं सांगायचं तर तू शिरशील रनर म्हणून. चहा, पार्किंग, रस्त्याच्या टोकाला उभं राहून 'दोन मिनिटं थांबा प्लीज' म्हणत लोकांना अडवणं. बिनपगारी 'अनुभव' देऊ करणाऱ्यांना नमस्कार करून निघ. रनरलाही किमान वेतन लागू आहे. तू अजून स्टुडंट व्हिसावर आहेस, म्हणजे टर्ममध्ये आठवड्याला २० तास आणि फ्रीलान्स बंद. रनरची कामं बहुतेक फ्रीलान्स असतात, तेव्हा पगारी नोकर म्हणून घेताय ना, हे पहिल्याच फोनला विचार.

आणि ट्रीटमेंट लिहायला शीक. एजन्सी एका स्क्रिप्टसाठी सहसा तीन दिग्दर्शकांना विचारते. तिघेही आपण ही फिल्म कशी करणार ते लिहून देतात, आणि त्या कागदांवर काम कुणाला जायचं ते बरंचसं ठरतं. होव्हिसची जाहिरात तुला मिळाली असती तर काय लिहिलं असतंस? एक पान लिहून पाठव. 'सिनेमॅटिक' हा शब्द न वापरता.

रील ५० सेकंदांवर आण. शटरवाली बाई पहिली. ड्रोन सगळे काढ, रडू नकोस. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, तेव्हा फोनवर बोलू.

हो, आणि त्या बाईंची रिलीज फॉर्मवर, म्हणजे शॉट वापरायच्या परवानगीवर, सही घेतली होतीस का? नसेल तर या शनिवारीच जा. लॅपटॉप ने, आधी त्यांना शॉट दाखव, मग फॉर्म काढ. दुपारी चारनंतर जाऊ नकोस, तेव्हा तिथे गिऱ्हाइकांची झुंबड असते. आणि साडी बघायला बसलीस तर महिन्याचं भाडं गेलंच म्हणून समज.

तुझी,
ताई