रेघ ओढण्याआधी तारीख तपास

तुझा नकाशा पाहिला. नागपूरचा मुसळधार पाऊस आणि युरोपातली उष्णतेची लाट, मध्ये दोन्हींचा संबंध सांगणारी लांबलचक रेघ. घाई करू नको.

आधी तारखा. २३ सप्टेंबर २०२३ घे, नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला ती पहाट. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून तो पाऊस २३ तारखेत बसतो. ईआरए५, म्हणजे जगभरच्या जुन्या हवामानाचा संगणकीय विदासंच, जागतिक वेळेवर (यूटीसी) चालतो. आपले पहाटेचे दोन म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ वाजलेले, तारीख २२. एवढ्या फरकाने आधी कोण आणि नंतर कोण हेच उलटतं. माझे दोन महिने यातच गेले होते.

दुसरं, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आपल्याकडे ४५ अंशांचं नवल नाही. मॉस्कोत ३८ म्हणजे कहर. म्हणून टोकाची घटना कशाला म्हणायचं तो उंबरठा त्या-त्या जागेचा आणि वर्षातल्या त्या दिवसांचाच घे; ९५वा पर्सेंटाइल चालेल, म्हणजे शंभरातल्या ९५ नोंदी ज्याच्या खाली राहतात तो आकडा. सलग तापलेले पाच दिवस ही एकच घटना मोज.

मग दोन जागांच्या घटना किती वेळा लागोपाठ येतात ती जुळणी कर, आणि त्याच घटनांच्या तारखा हजारदा पिसून पुन्हा कर. पिसूनही तेवढंच जुळत असेल तर रेघ खोड. इतक्या जोड्यांत काही योगायोगाने जुळणारच.

उरलेल्या रेघांसाठी वरच्या हवेचे नकाशे उघड. २०१० मध्ये रशियावर उच्च दाब ठाण मांडून बसला आणि त्याच रॉस्बी लाटेच्या (वरच्या हवेतल्या वाऱ्यांचं मोठं नागमोडी वळण) पूर्वेकडच्या कमी दाबाच्या खळग्याने पाकिस्तानातल्या पावसाला जोर दिला. अशी लाट दिसत नसेल तर एल निनोसारखं (प्रशांत महासागराचं पाणी तापणं) दोन्हीकडचं सामाईक कारण तपास. रविवारी घरी ये, माझा कोड दाखवते.