जनुकीय तपासणी आणि समुपदेशन मोठ्या केंद्रांपासून दूरच्या रुग्णांपर्यंत कसं पोहोचवता येईल?

प्रत्येक ठिकाणी तज्ज्ञ नेमणं शक्य नाही, या शाखेचे डॉक्टर मुळातच मोजके आहेत. म्हणून शक्य तिथे कुटुंबाऐवजी नमुन्याने प्रवास करावा. बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर वाळवून पोस्टाने पाठवता येतात. १९६० च्या दशकात अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट गथ्री यांनी नवजात बाळांच्या तपासणीसाठी ही पद्धत रूढ केली. बऱ्याच डीएनए चाचण्यांना लाळही चालते.

माझ्या मते सगळ्यात आधी हवा तो प्रादेशिक रुग्णालयात एक प्रशिक्षित समुपदेशक. निवांत बसून तीन पिढ्यांची वंशावळ काढायची: कर्करोग कुणाला, कितव्या वर्षी झाला, कुणाची बाळं दगावली, नात्यात लग्नं झाली का. एवढं समोर असलं की मुख्य केंद्रातला तज्ज्ञ व्हिडिओ कॉलवरूनही नेमकी चाचणी सुचवू शकतो. बाळाच्या चेहऱ्याची ठेवण, बोटं, त्वचेवरचे डाग नीट पाहायला मात्र प्रत्यक्ष भेटच बरी. त्यासाठी तज्ज्ञांनी ठरावीक दिवशी तिथे ओपीडी घ्यावी.

आणि अहवाल नुसता हातात ठेवू नका. ‘अर्थ अनिश्चित’ असा, म्हणजे आजाराला कारण ठरतो की नाही हे अजून सांगता येत नाही असा जनुकीय बदल निघाला की घरचे हवालदिल होतात. काही वर्षांनी त्याच बदलाचा अर्थ स्पष्टही होऊ शकतो, तेव्हा त्यांना परत कोण बोलावणार हे आधीच ठरलेलं हवं.