बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधून राजकारणामुळे खेळाडूंना बाहेर ठेवणं योग्य आहे का? अशा वेळी खेळाडूने काय करावं?

प्रश्नाच्या खाली तुम्ही सौदीतली (रियाधची) २०१७ची स्पर्धा आणि युक्रेन युद्धाची बाजू घेणाऱ्या रशियन ग्रँडमास्टर कार्याकिनवरची बंदी अशी दोन उदाहरणं दिलीत आणि शेवटी लिहिलंय, "खेळात राजकारण आणूच नये ना?" हे उत्तर मी त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितोय, नाहीतर वाचून पुढे गेलो असतो. हेच वाक्य मला एका माणसाने तोंडावर ऐकवलं होतं, आणि ऐकवताना माझं नाव नसलेली यादी त्याच्या हातात होती.

२०१०-११ची गोष्ट. मी रेटेड (खेळाच्या ताकदीचा अधिकृत आकडा मिळालेला) खेळाडू होतो, फार मोठा नाही, सोळाशेच्या आसपास घुटमळणारा, पण रजा टाकून, रात्रभर एसटीत पेंगत जाऊन स्पर्धा खेळणारा. आमच्याकडे एका मंगल कार्यालयात कुठल्याशा मंडळाने रविवारची ओपन ठेवली होती. सात राऊंड, प्लास्टिकच्या खुर्च्या, खालच्या हॉलमध्ये कुणाचा तरी साखरपुडा, त्यामुळे तिसऱ्या राऊंडपासून बटाटेवड्याचा वास आणि बॅंडवाल्यांची ठोकठोक. मी चौथा आलो, पाकिटात १२०० रुपये. माझा एक दोस्त दुसरा आला, त्याला २०००. त्याला आपण इथे हत्ती म्हणू, कारण आयुष्यात पटावरच्या हत्तीसारखा सरळच चालतो, कधी तिरकं जाणार नाही.

सहा महिन्यांनी दुसऱ्या गावात रेटिंग स्पर्धा होती. एंट्री फी आधीच भरलेली, पावती खिशात. सकाळी पहिल्या राऊंडचं पेअरिंग (कोण कुणाशी खेळणार ती यादी) भिंतीवर चिकटवलं तशी सगळ्यांची झुंबड उडाली, बोटं कागदावर, "मी काळा, मी काळा" असा आरडाओरडा. मी यादी वरून खाली दोनदा पाहिली. माझं नाव नाही. हत्तीचंही नाही. टेबलापाशी गेलो तर तिथल्या छोट्या स्थानिक संघटनेचे एक पदाधिकारी बसलेले (नाव घेत नाही, संघटनेचंही नाही). म्हणाले, तुम्ही अमान्य स्पर्धेत खेळलात, म्हणजे ती मंगल कार्यालयातली ओपन. म्हटलं साहेब, पट तोच, घड्याळ तेच, घोडा अडीच घरंच चालत होता, मान्य-अमान्य कसं ओळखायचं? त्यांनी ड्रॉवरमधून एक टाइप केलेला कागद काढला. यापुढे परवानगीशिवाय कुठल्याही स्पर्धेत खेळणार नाही आणि मिळालेल्या बक्षिसाची निम्मी रक्कम जमा करीत आहे, खाली सहीची जागा. म्हणजे माझे सहाशे रुपये. मी आवाज चढवला तसे ते अगदी शांतपणे म्हणाले, "हे बघा, खेळात राजकारण आणू नका."

हत्तीने खिशातून हजार रुपये काढले, सही केली आणि मला म्हणाला, "तुझेही मी भरतो, चल, घड्याळं सुरू होतील." मी नाही म्हटलं. तो आत गेला. परतीची तिकिटं त्याच्याकडे होती म्हणून मी चार तास शाळेच्या पायऱ्यांवर बसून राहिलो, खिडकीतून त्याचं डोकं तेवढं दिसत होतं. जिंकला लेकाचा. त्यानंतर तीनेक वर्षं मी कुठेच खेळलो नाही, आणि मग खेळायची सवयच मोडली.

आता तुम्ही म्हणाल तालुक्याच्या भांडणाचा आणि रियाधचा काय संबंध. संबंध आहे. खेळाडूला बाहेर ठेवणारं हत्यार दोन्हीकडे एकच असतं, कागद. कुठे व्हिसा, कुठे हमीपत्र, कुठे नुसतं न आलेलं आमंत्रण. बंदी हा शब्दसुद्धा कुणी उच्चारत नाही. सोव्हिएत ग्रँडमास्टर व्हिक्टर कोर्चनॉय १९७६ साली अॅम्स्टरडॅममध्ये स्पर्धा संपल्यावर सोव्हिएत युनियनमध्ये परत गेलाच नाही. पुढची काही वर्षं जिथे कोर्चनॉयला बोलावलं तिथे सोव्हिएत ग्रँडमास्टर यायचे नाहीत. आता आयोजकाच्या जागी बसून विचार करा, एक कोर्चनॉय हवा की विश्वविजेत्या कार्पोव्हसकट अख्खी रशियन फौज? बिचाऱ्याचं नाव आपोआप गळायचं. नियम कुठेच लिहिलेला नाही, त्यामुळे दाद कुणाकडे मागणार? आणि हा माणूस १९७८ आणि १९८१ अशा दोन वेळा विश्वविजेतेपदासाठी कार्पोव्हसमोर बसला होता, कुणी सोम्यागोम्या नव्हता. बायको-मुलगा तिकडेच अडकलेले, मुलाला तर लष्करात जायला नकार दिला म्हणून तुरुंगात टाकलं होतं. तेव्हाही सोव्हिएत अधिकारी हेच म्हणत असणार, माझी खात्री आहे, की राजकारण कोर्चनॉयने आणलं.

रियाधचं तर बोलायलाच नको. डिसेंबर २०१७, जागतिक जलदगती आणि ब्लिट्झ (दोन्ही कमी वेळाच्या डावांचे प्रकार), इस्रायलच्या खेळाडूंना व्हिसाच नाही. युक्रेनची आना मुझिचुक आदल्या वर्षीची दोन्ही प्रकारांतली विजेती, ती तिथल्या बायकांवरच्या नियमांमुळे गेलीच नाही, दोन्ही किताब सोडून दिले. आणि आपण काय केलं? आनंद जलदगती जिंकला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि आपण पेढे वाटले. मीही वाटले हो, खोटं कशाला बोलू, ऑफिसात अर्धा किलो नेले होते. त्या हॉलमध्ये कोण नव्हतं हे त्या दिवशी माझ्याही डोक्यात आलं नाही, आणि मी तर पायऱ्यांवर बसलेला माणूस!

म्हणून तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचं माझं उत्तर: पासपोर्ट बघून खेळाडूला बाहेर ठेवणं चूक, साफ चूक. जो देश सगळ्यांना व्हिसा देऊ शकत नाही त्याला जागतिक स्पर्धा द्यायचीच नाही, पैसे कितीही ओतू देत. फिडेला, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाला, हे काल कळलं असं नाही. २००४ला लिबियात त्रिपोलीला विश्वविजेतेपदाची स्पर्धा भरवली तेव्हाही इस्रायली खेळाडूंचं हेच झालं होतं. तरी तेरा वर्षांनी रियाध. यजमान चेक फाडतो आणि फिडेचं "आपण सारे एक कुटुंब" हे बोधवाक्य बॅनरवर छापून येतं.

तुलनेला अमेरिकेच्या बॉबी फिशरची गोष्ट बघा. १९६५ साली हवानामध्ये क्युबाचा जुना विश्वविजेता कापाब्लांकाच्या स्मरणार्थ स्पर्धा होती आणि अमेरिकन सरकारने त्याला क्युबाला जाऊ दिलं नाही. तर तो न्यूयॉर्कच्या मार्शल क्लबमध्ये बसून टेलिप्रिंटरवरून अख्खी स्पर्धा खेळला. तिकडे हवानात त्याच्या चाली पटावर कोण लावत होतं, तर कापाब्लांकाचा मुलगा. एकेक डाव तासन्‌तास लांबायचा, तरी दुसऱ्या ते चौथ्या क्रमांकात बरोबरीत आला, पहिल्या आलेल्या स्मिस्लॉव्हच्या अर्ध्या गुणाने मागे. आयोजकांच्या मनात असलं की तारेवरूनही खेळता येतं. नसलं की समोर उभा असलेला माणूसही यादीत सापडत नाही.

कार्याकिनचं प्रकरण मात्र मी वेगळं मानतो. त्याला रशियन म्हणून नाही, युक्रेन युद्धाची जाहीर बाजू घेऊन जे बोलला त्यासाठी फिडेने सहा महिने बाहेर ठेवलं. नेपोम्निआची पण रशियनच ना, तो फिडेच्या झेंड्याखाली माद्रिदला खेळला आणि कॅंडिडेट्स (विश्वविजेत्याचा आव्हानवीर ठरवणारी स्पर्धा) जिंकला. ही रेघ मला बऱ्यापैकी बरोबर वाटते. बऱ्यापैकीच, कारण उद्या हीच रेघ ओढणारा हात कुणाचा असेल सांगता येत नाही. आणि गंमत बघा, कॅंडिडेट्समधली कार्याकिनची जागा रिकामी झाली, ती रेटिंगवर डिंग लिरेनला मिळाली, त्यासाठी चीनमध्ये महिनाभरात घाईघाईने डावांवर डाव खेळवून पात्रतेला लागणारी त्याची डावांची संख्या भरून काढली. तोच डिंग २०२३ला विश्वविजेता झाला आणि २०२४ला सिंगापूरला गुकेशने त्याच्याकडून मुकुट घेतला. ऑलिम्पियाडही (देशोदेशीच्या संघांची स्पर्धा) युद्धामुळे मॉस्कोहून निघालं ते आपल्या मामल्लपुरमला आलं. म्हणजे त्या राजकारणाचा सगळ्यात जास्त फायदा कुणाला झाला? आपल्याला. मग आपण कशाला म्हणतोय राजकारण नको! बरं, त्याच ऑलिम्पियाडची मशाल काश्मीरमधून नेली म्हणून पाकिस्तानचा संघ भारतात येऊनही न खेळता परत गेला. त्या पोरांना कुणी विचारलं असेल का, खेळायचंय की नाही?

आता दुसरा भाग, खेळाडूने काय करावं. इथे माझं आणि हत्तीचं भांडण पुन्हा पेटतं.

जून २०१८मध्ये पुण्याच्या सौम्या स्वामीनाथनने इराणमधल्या हमादानच्या आशियाई सांघिक स्पर्धेतून नाव काढून घेतलं. डोक्याला स्कार्फ सक्तीचा होता, ती म्हणाली हे माझ्या हक्कांच्या विरुद्ध आहे, मी येत नाही. २००९ची जागतिक ज्युनिअर विजेती, भारताच्या संघातली जागा, ती स्वतःहून सोडली. स्पर्धा आधी बांगलादेशात होणार होती, तेव्हा ती हो म्हणाली होती. त्या दिवशी आमच्या जुन्या बुद्धिबळवाल्यांच्या ग्रुपवर हत्तीचा मेसेज आला, "जायला हवं होतं. आपली हरिका २०१७ला तेहरानमध्ये स्कार्फ घालून खेळली, सेमीफायनलपर्यंत गेली. आपण खेळायला जातो, लढायला नाही." हे "लढायला नाही" मी आधी ऐकलेलं होतं, त्या परतीच्या एसटीत, शेजारच्या सीटवरून. मग काय, रात्री दीडपर्यंत टायपिंग. मी म्हटलं रोहिणी खाडिलकर १९७६ला तेरा वर्षांची होती, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली म्हणून गदारोळ झाला, प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं, फिडेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांना सांगावं लागलं की बायकांना अडवता येणार नाही. त्या घरातल्यांनी तेव्हा "जाऊ दे, बायकांच्यात खेळ" म्हटलं असतं तर? हत्ती म्हणाला, ती खेळण्यासाठी भांडली, तू न खेळण्यासाठी भांडलास, फरक आहे.

याला मला त्या रात्री उत्तर सुचलं नाही. आजही नीट सुचत नाही. पण सौम्याचं बरोबर होतं असं मी अजून म्हणतो, आणि हरिकाचं चूक होतं असं म्हणत नाही. ज्याच्या डोक्यावर स्कार्फ त्याने ठरवावं. आपण सोफ्यावर बसून ठरवू नये, हत्तीने पण नाही.

इराणच्याच खेळाडूंना तर हा पर्यायही नसतो. बोर्ना देराख्शानी, पंधरा वर्षांचा पोरगा, जिब्राल्टरच्या ओपनमध्ये इस्रायलच्या खेळाडूसमोर पेअरिंग आलं आणि तो खेळला, इराणला हे चालत नसताना. बहीण डोर्सा तिथेच हिजाब न घालता खेळली. दोघांना त्यांच्या फेडरेशनने बाहेर काढलं. पेअरिंग कॉम्प्युटर काढतो हो! स्विस लीगमध्ये (दर राऊंडला साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लागते) समोर कोण येणार हे कुणाच्या हातात असतं? यजमानाने अडवलं तर बातमी होते, स्वतःच्या फेडरेशनने अडवलं तर तो "अंतर्गत मामला". आणि बहुतेक खेळाडू याच दुसऱ्या प्रकारात मरतात.

आपल्याकडेही. जुलै २०१८मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने (बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणारा सरकारी आयोग) आपल्या राष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाला जवळपास ६ लाख ९२ हजारांचा दंड केला, कशासाठी, तर मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळल्याबद्दल खेळाडूंवर बंदी, रेटिंग काढून घेणं, हमीपत्र लिहून घेणं, यासाठी. ती बातमी मी ऑफिसच्या जिन्यात उभा राहून तीनदा वाचली. सौम्यावरून भांडण होऊन महिना-दीड महिनाच झाला होता. लिंक हत्तीला पाठवली, खाली काही लिहिलं नाही, लिहायची गरजच नव्हती. सात-आठ वर्षं वाट बघत होतो मी त्या लिंकची.

त्याचं उत्तर आलं, "वाचलं. तू बरोबर होतास. रविवारी येतोस का, पोरांना हत्तीचे एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा) घ्यायचेत, मला एकट्याला जमत नाही."

म्हणजे बघा, सही केली म्हणून हा खेळत राहिला, एकवीसशेच्या वर गेला, आज चाळीसेक मुलं शिकवतो. मी बरोबर होतो आणि माझ्याकडे एक बातमीची लिंक होती. गेलो रविवारी. टेबलावर कुठल्यातरी स्पर्धेच्या फॉर्मचा गठ्ठा पडला होता, मी सवयीने उचलून खालचा बारीक मजकूर वाचायला लागलो तर हा म्हणतो, "वाचलाय मी. असलं काही असतं तर भरून घेतलेच नसते." मी तरी शेवटपर्यंत वाचला.

तर तुमची मुलं खेळत असतील तर फॉर्मचा बारीक मजकूर वाचा, प्रत्येक पावती जपून ठेवा, नाव गळलं तर तोंडी न भांडता लेखी कारण मागा. मी तोंडी भांडलो, त्यामुळे माझ्याकडे त्या दिवसाचा एकही कागद नाही.

ता. क. - एकाने खाली विचारलंय की मग दक्षिण आफ्रिकेला वर्णभेदामुळे १९७४ नंतर बाहेर ठेवलं तेही चूक का? नाही, तिथे मी बंदीच्या बाजूने आहे, आणि हो, वर लिहिलेल्या "साफ चूक"शी हे जुळत नाही हे मला कळतंय. हत्तीला हे उत्तर दाखवू नका.